देवरे बाई आणि शेवयांचं झाड

देवरे बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मी गेले होते. त्या भांडल्याच नाहीत.

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बाई बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्यावर. त्यांच्या बाल्कनीत टांगलेल्या कुंडीतून काहीतरी हिरवं खाली लोंबत असायचं. पान एक नाही, नुसत्या बारीक गोल दोऱ्या, एकीच्या टोकातून दुसऱ्या दोन फुटलेल्या. त्या गजांतून निसटून आमच्या बाल्कनीच्या कडेपर्यंत उतरल्या होत्या. दिसायला छान होत्या, म्हणून मी काही बोलले नव्हते. पण एका एप्रिलात त्यांच्यावरून तांबूस पाणी ठिबकायला लागलं. आधी चादरींवर डाग पडले. मग एक दिवस वाळत घातलेल्या कुरडयांवर धारच लागली, आणि मी तशीच, हातात भिजकी कुरडई घेऊन वर गेले.

दारावरच्या बेलच्या बटणाला चिकटपट्टी लावलेली होती. मी कडी वाजवली. दार चार बोटं उघडलं आणि एक सावळा, चष्म्यातला चेहरा दिसला.

"पाणी आलं ना खाली?" त्यांनीच विचारलं. आवाज इतका हळू की माझाही आपोआप हळू झाला.

"कुरडया भिजल्या सगळ्या."

"मी करून देते. माझ्या हातच्या कुरडया खाऊन बघ, तू तुझ्या विसरशील." आणि मग जरा थांबून, "मला अहो-जाहो येत नाही हं. आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवलं."

दार लागलं. पुढच्या आठवड्यात त्या खरोखरच डबा घेऊन आल्या. पायात चप्पल नव्हती, चपला हातात होत्या. जिन्यात आवाज होऊ नये म्हणून त्या नेहमी अशाच यायच्या. डबा दिला, आणि जाताना उंबऱ्यात वळून म्हणाल्या, "तुझ्याकडे विळी आहे ना गं? उद्यापासून भाजी तुझ्याकडे चिरली तर चालेल का?"

मला वाटलं, त्यांची विळी मोडली असेल. चालेल म्हटलं.

त्यानंतर जवळजवळ रोज बाई पिशवी घेऊन खाली यायच्या. स्वयंपाकघरात जमिनीवर बसायच्या, पण पाठ दाराकडे कधी करायच्या नाहीत. कांदा चिरायला घेतला की बघत राहावं. सटाण्याच्या कांद्यातला त्यांचा जन्म; डोळ्यांना पदर न लावता पातीसारखा बारीक कांदा पडायचा. पण कान मात्र सगळा वर. छतातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला की विळीवरचा हात थांबायचा. पुन्हा शांत झालं की चालू. चिरलेली भाजी डब्यात भरून, विळी धुऊन, ती मिटून जागेवर ठेवूनच त्या उठायच्या.

विळी विकत का घेत नाहीत, हे मी विचारलं नाही. पावसाळा संपता संपता त्यांनी आपणच सांगितलं. गवार निवडत होत्या, मान वर न करता बोलल्या.

"घरात मी धार ठेवत नाही, वैशाली. निलेशला आवाज येतात. अंबडला कंपनीत होता तेव्हाच सुरू झालं. स्किझोफ्रेनिया म्हणतात. त्यानं आजवर कोणाला बोट लावलेलं नाही, हे आधी ऐक. एकदा स्वतःलाच काही करून घ्यायला निघाला होता. म्हणून."

एवढंच. गवार संपली होती. त्या उठल्या.

निलेश त्यांचा एकुलता एक. बाईंचे यजमान, देवरे सर, तो कॉलेजात असतानाच गेले. मुलाच्या आजारपणात बाईंनी मुदतीआधी नोकरी सोडली, सटाण्याचं घर आवरलं आणि त्याच्याजवळ नाशिकला येऊन राहिल्या. तीस-बत्तीसचा असेल तो. उंच, गोळ्यांनी जरा सुजल्यासारखा, नजर भिंतीवर. सोसायटीतले लोक त्याला पाहिलं की मुलांना जवळ ओढायचे. बाईंना ते दिसायचं. त्या अशा वेळी ठासून, शाळेतल्यासारखं म्हणायच्या, "निलेश, काकांना नमस्कार कर." तो करायचा. काका ओशाळायचे.

ते लोंबणारं झाड निलेशचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याला कसली तरी जबाबदारी द्या, छोटी. म्हणून बाई त्याला नर्सरीत घेऊन गेल्या. तो सगळ्या कुंड्यांवरून हात फिरवत गेला आणि याच्याशी थांबला. नर्सरीवाला म्हणाला, हा निवडुंगच आहे, पण याला काटे नाहीत. "तेव्हा तो हसला," बाई सांगायच्या. "काय विनोद झाला मला कळला नाही. पण हसला. मग मी दुसरं काही बघितलंच नाही, तेच उचललं." त्याचं इंग्रजी नाव रिप्सालिस. बाईंच्या तोंडी ते बसेना. आमच्याकडे उन्हाळ्यात काठीवर शेवया वाळत घालतात तसं दिसतं, म्हणून त्यांनी नाव ठेवलं शेवयांचं झाड.

पहिल्या वर्षी ते मरायलाच टेकलं. निवडुंग म्हणजे ऊन आणि महिन्यातून एकदा पाणी, असं नर्सरीवाल्यानं सांगितलेलं. त्याप्रमाणे गच्चीत ठेवलं तर दोऱ्या लाल पडून सुरकुतल्या. बाईंनी मग मोबाईलवर शोधून, चष्मा लावून, पोरांना धडा शिकवायच्या आधी आपण वाचावा तसं सगळं वाचून काढलं. हा वाळवंटातला निवडुंग नव्हेच. हा पावसाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, सावलीत राहणारा. त्याला उजेड हवा पण ऊन नको, ओल हवी पण पाणी साचायला नको. त्यांनी माती काढून नारळाचा भुसा, कोळशाचे तुकडे आणि झाडाच्या सालींचे कपचे भरले. कुंडी उत्तरेच्या बाल्कनीत टांगली. नाशिकच्या एप्रिलात हवा सुकी झाली की सकाळी फवारा. थंडीत पाणी कमी, आणि कडाका पडला की कुंडी आत. आणि एक नियम, जो त्यांनी निलेशला घालून दिला: बोटाला विचारायचं. रोज सकाळी बोट कुंडीत खुपसायचं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही.

"कॅलेंडर बघून पाणी घालू नये कोणालाच," बाई म्हणायच्या. "बोटाला विचारावं."

निलेश बरा असला की बोटाला विचारायचा. बरा नसला की दिवसभर पाण्याचे मगच्या मग ओतायचा. झाडाला तहान लागल्याचं त्याला ऐकू यायचं. मला हे कळलं तेव्हापासून आमच्या बाल्कनीतलं ठिबकणं म्हणजे वरची खबर झाली. ठिबकलं की त्या दिवशी बाई भाजी चिरायला यायच्या नाहीत. दोन-तीन दिवसांनी येत, डोळ्यांखाली काळं, आणि विचारलं तर म्हणत, "होतंय ठीक."

एकदा फेब्रुवारीत आमच्या दारावर टकटक झाली. उघडलं तर निलेश. एकटा. या आधी तो कधीच खाली आला नव्हता.

"ताई, साबुदाणा आलाय. बघायला या."

मी वर गेले. दोऱ्यांच्या कडेला बारीक पांढरी फुलं येऊन गेली होती आणि त्या जागी मोत्यासारखी अर्धपारदर्शक फळं धरली होती, अगदी भिजलेल्या साबुदाण्यासारखी. निलेश कंपनीत मालाची तपासणी करायचा. तो एकेका फळाकडे डोळा बारीक करून बघत होता. "सगळ्यांचा साईज सेम आहे," तो म्हणाला. "कोणी मोजून दिलेला नाही. तरी एकही रिजेक्ट नाही." बाई त्याच्या मागे उभ्या होत्या. काठोकाठ भरलेलं भांडं हातात असावं तशा. हलल्या तर सांडेल म्हणून हलत नव्हत्या. मला त्यांनी वाटीत गूळ-शेंगदाणे दिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या घरात बसून खाल्लं.

पण असे दिवस कमीच.

त्याच वर्षी त्यांचे भाऊ सटाण्याहून आले. मी कुरडयांचा डबा परत द्यायला गेले होते, दार उघडंच होतं. भाऊ बाल्कनीत उभे राहून कुंडीचा हुक काढत होते.

"ताई, हाई काटानं झाड घरमा कसाले ठेयं? म्हनीसनच पोऱ्यानी हाई गत व्हयनी."

काट्याचं झाड घरात ठेवलं म्हणूनच पोराची ही गत झाली, असं त्यांचं म्हणणं. बाई माझ्याशी, निलेशशी, सगळ्यांशी पुस्तकी मराठीत बोलायच्या. त्यांच्या तोंडून अहिराणी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"काटा कोठे शे? दखाड माले. हात लाव."

भावानं हात लावला नाही. गावाकडे एक बाबा आहे, त्याच्याकडे महिनाभर ठेवू, अशी माणसं तिथे बरी होतात, असं भाऊ सांगू लागले. बांधून ठेवतात का, बाईंनी विचारलं. थोडे दिवसच, भाऊ म्हणाले.

"मना पोऱ्याले कोठेच लई जावानं नही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण भावाच्या हातातला हुक त्यांनी काढून घेतला आणि कुंडी पुन्हा टांगली. निलेश आतल्या खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता. भाऊ जेवून गेले, पण पुन्हा आले नाहीत.

नंतरच्या जूनमध्ये एका सकाळी निलेश घरात नव्हता. बाई अंघोळीला गेल्या तेवढ्यात गेला. आम्ही सोसायटीच्या मागे, फाट्यावर, मंदिरात शोधलं. इतक्यात बाईंचा फोन वाजला. अंबडच्या त्याच्या जुन्या कंपनीच्या गेटवरून वॉचमन बोलत होता.

आम्ही रिक्षानं गेलो. गेटसमोर कामगारांची रांग होती आणि रांगेत निलेश. निळा गणवेश घालून. तो त्यानं कुठून काढला होता देव जाणे, पोटावर बटणं लागत नव्हती. गळ्यात जुनं ओळखपत्र.

"मावशी, मी ओळखतो याला," वॉचमन म्हणाला. "चांगला पोरगा होता. बस म्हटलं तर बसत नाही. हजेरीच्या मशीनला कार्ड का लागत नाही, एवढंच विचारतोय."

मला वाटलं, बाई त्याला हाताला धरून बाहेर काढतील. त्या त्याच्या मागे रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. लुगडं सावरून, हातात पर्स. रांग पुढे सरकली की त्याही सरकल्या. आजूबाजूची पोरं बघत होती, कोणी हसलंही. शेवटी सगळे आत गेले, गेट लागलं, आणि ही दोघंच उरली.

"मशीन बंद दिसतंय आज," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. घरी जाऊ. चहा राहिलाय आपला."

तो मुकाट्यानं रिक्षात बसला. बाईंनी त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं, घर येईपर्यंत सोडलं नाही. तो आत गेल्यावर त्या जिन्यातच बसल्या. धाप लागली होती, ओठ निळसर झाले होते. "खोटं बोलले गं मी," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणाऱ्याला मी बाकावर उभं करायचे."

ती धाप साधी नव्हती. हृदय नीट काम करत नाही, असं तपासणीत निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जिने चढू नका म्हणाले, आणि विचारलं, घरात आणखी कोण आहे?

'माझ्यानंतर' हा शब्द बाईंनी कधी उच्चारला नाही. त्या नुसतं "पुढचं" म्हणायच्या. त्या पावसाळ्यात त्या पुढचं बघायला निघाल्या. अशा मुलांना ठेवून घेणाऱ्या जागा एकेक करून पाहून आल्या. आल्या की विळीशी बसत आणि तुटक सांगत. एका ठिकाणी खिडक्या डोक्याच्या वर. एका ठिकाणी सगळ्यांचे केस सारखे कापलेले. एका ठिकाणी मुलाचं नावच विचारलं नाही. दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागांमधल्या एका गावात एक लहानशी जागा होती. पंधरा-वीस मुलं, भाजीचे वाफे, फाटक दिवसा उघडं. तिथून आल्या त्या दिवशीही विळीशी बसल्या. कांदा चिरता चिरता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कांद्यानं बाईंना कधी पाणी येत नसे.

"त्याला कसं सांगू?" त्यांनी विचारलं. "भावाला नाही म्हणाले. आता मीच?"

त्यांनी सांगितलं, तेव्हा मला मुद्दाम वर बोलावलं होतं. निलेशनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.

"तू आजारी आहेस का?" त्यानं विचारलं.

"हो."

"मला माहीत होतं. तुझा श्वास भिंतीतून ऐकू येतो." मग म्हणाला, "तिथे सावली आहे का?"

"आहे. आंब्याची दोन झाडं आहेत."

"मग मी जाऊन बघतो."

अख्खं झाड न्यायला तो तयार नव्हता. इतकं मोठं झालेलं झाड हलवलं तर बिथरेल, फांद्याच नेऊ, म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, "ताई, कात्री द्याल?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी खाली जाऊन कात्री आणली आणि त्याच्या हातात दिली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, दोन्ही मुठी पदरात. निलेशनं एकेक दोरी हातात घेऊन, जिथे सांधा होता तिथेच कापली. सात-आठ तुकडे झाले. ते त्यानं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले आणि सावलीत सरकवले.

"लगेच लावायच्या नाहीत," तो मला समजावत होता. "ओला घाव मातीत गेला की कुजतो. दोन-चार दिवस सुकू द्यायचा." मग कात्री मिटवून, मुठीकडची बाजू पुढे करून माझ्या हातात दिली. बाई स्वयंपाकघरात गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

घाव सुकल्यावर तो गेला.

बाईंनी लगेच नवी विळी आणली नाही. त्या खाली येतच राहिल्या, पण पिशवीत एखादंच वांगं, एखादाच दोडका. चिरून झाल्यावरही बसून राहायच्या. संस्थेनं पहिला महिनाभर भेटायला येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मुलाला रुळू द्या. बाईंनी ते पाळलं. फोन मात्र दिवसातून अनेकदा करायच्या, मग तिथल्या बाईंनी नम्रपणे, संध्याकाळी एकदाच करा, असं सुचवलं. तेही पाळलं.

आणि मग एका दुपारी आमच्या बाल्कनीत पाणी ठिबकायला लागलं.

मी वर गेले. दार उघडंच होतं. बाई पाण्याचा मग हातात घेऊन कुंडीखाली उभ्या होत्या. फरशीवर ओहोळ. मी दोरीला हात लावला तर ती बुडातून निसटून हातात आली, पिवळी, लिबलिबीत. दुसरीही तशीच. मधल्या सगळ्या मुळाशी कुजल्या होत्या.

"बोटाला विचारलं नाहीत?" माझ्या तोंडून गेलं.

"विचारलं. ओलं होतं." त्यांनी हातातला मग खाली ठेवला. "तरी घातलं. सकाळी उठल्यावर हातांना काहीतरी द्यायची सवय आहे, वैशाली. आता घेणारं कोण आहे इथे?"

आम्ही दोघींनी कुंडी उतरवली. जे टणक, हिरवं होतं ते कापून ठेवलं, मोजक्याच चार दोऱ्या निघाल्या. बाकीचं पोत्यात भरलं. पोतं खाली नेताना बाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "हे घर मला नको."

दिवाळीनंतर त्यांनी फ्लॅट भाड्यानं दिला आणि त्या दिंडोरीकडच्या गावात, संस्थेपासून जरा लांब, शिवारात एक खोली घेऊन राहायला गेल्या. तळमजला, म्हणून डॉक्टरही काही बोलले नाहीत. भेट फक्त रविवारी, ही अट त्यांनी संस्थेत आपण होऊन मान्य केली. तिथल्या मजुरांच्या मुलांना त्या संध्याकाळी शिकवतात, असं फोनवर कळायचं. निलेशबद्दल विचारलं की उत्तर तेच: होतंय ठीक. कधी चार दिवस तो भेटायलाच नको म्हणे, कधी गोळ्या फेकी. बरा झाला, असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण तसं झालंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका पहाटे बाई झोपेतच गेल्या. दहाव्याला निलेश आला होता, संस्थेतल्या दोघांबरोबर. त्यानं सगळे विधी नीट केले. भाऊ सटाण्याहून आले होते, ते त्याच्याशेजारी उभे राहिले. आता तो संस्थेतच आहे. भाऊ अधूनमधून जातात, मीही जाते.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, माघातल्या एका रविवारी. न सांगताच गेले होते. खोलीला कुलूप होतं, म्हणून रिक्षा सोडून संस्थेच्या दिशेनं चालत निघाले. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, मांडवाखाली कागदात गुंडाळलेले घड, मधून कच्चा रस्ता. लांबवर दोघं दिसली. निलेश पुढे झपाझप चालला होता, बाई बऱ्याच मागे. अंतर वाढत होतं. मला वाटलं, आता त्या हाक मारतील. नाहीतर धाप लागलेली असताना पळतील.

त्या थांबल्या. रस्त्याकडेला कालव्याच्या चारीवरचा लहानसा पूल होता, त्याच्या कठड्यावर बसल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या. निलेश वळणाशी पोचला आणि बागेआड दिसेनासा झाला. बाईंनी त्या वळणाकडे पाहिलं नाही. त्या बागेत घड तोडत असलेल्या बायकांकडे बघत होत्या. त्यातल्या एकीनं काहीतरी विचारलं, त्यावर बाईंनी मोठ्यानं उत्तर दिलं आणि त्या सगळ्याजणी हसल्या. बाईंचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी तिथूनच मागे फिरले.